शिकविण्यापूर्वीं विचारावें

चंद्राच्या कला कां होतात, असा प्रश्न खगोलाचा धडा सुरू करण्यापूर्वीं वर्गांत घालून पाहावा. पुष्कळ मुलें निःशंकपणें सांगतात कीं, पृथ्वीची छाया चंद्रावर पडते म्हणून. हें उत्तर चूक खरें. परंतु तें मंदबुद्धीचें लक्षण नव्हे. ग्रहणांत छाया चंद्रास ग्रासते हें मुलानें घरीं ऐकलेलें असतें; त्यावरून, तीच छाया रोज थोडथोडी ग्रासत असेल, असें अनुमान तें आपल्याच बुद्धीनें बांधतें.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, मूल कोरी पाटी घेऊन वर्गांत येत नाहीं. लिहिलेल्या पाटीवरच पुन्हां लिहूं लागलें, तर दोन्ही अक्षरें लागत नाहींत. पुस्तकांतील उत्तर परीक्षेपुरतें पाठ होतें आणि मूळची समजूत आंत तशीच राहते. १९८७ सालच्या एका अमेरिकन बोधपटांत हार्वर्ड विद्यापीठांतील विद्यार्थी, माजी विद्यार्थी व अध्यापक अशा २३ जणांस ऋतूंचें किंवा चंद्रकलांचें कारण विचारलें होतें. त्यांपैकीं २१ जणांच्या मनांत चुकीची समजूत आढळली. सूर्य जवळ आला कीं उन्हाळा, ही त्यांतलीच एक. वास्तविक पृथ्वी सूर्याच्या अत्यंत निकट असते ती जानेवारीच्या आरंभीं, सुमारें १४ कोटी ७१ लक्ष किलोमीटरांवर. जुलैच्या आरंभीं तें अंतर १५ कोटी २१ लक्ष होतें. ऋतूंचें खरें कारण पृथ्वीच्या अक्षाचा साडेतेवीस अंशांचा कल हें होय.

मग करावें काय ? धड्यापूर्वीं आठवडाभर आधीं तीनचार प्रश्न द्यावे आणि उत्तरें आकृति काढून लिहवून घ्यावीं. त्यांस गुण देऊं नयेत, कोणास हंसूं नये, "हें कशावरून?" एवढेंच विचारावें. पुढें निवाडा आकाशानेंच करावा. वद्य अष्टमीस सकाळीं मुलांस अंगणांत न्यावें. पूर्वेस सूर्य आणि बराच वर, माथ्याच्या बाजूस, अर्धा चंद्र. छाया सूर्याच्या विरुद्ध दिशेस पडते. मग या चंद्राचा अर्धा भाग कोणीं झांकला? तेथेंच एक पांढरा चेंडू उन्हांत चंद्राच्या दिशेनें धरावा. तोही चंद्राप्रमाणेंच अर्धा उजळलेला दिसतो. हें पाहिलेलें मूल आपली समजूत आपणच सोडतें. धड्यानंतर महिन्यानें तेच प्रश्न पुन्हां विचारावे, म्हणजे शिकविलेलें कितपत रुजलें हें शिक्षकासही कळतें.

हें काम एकट्या शाळेचें नव्हे. संकष्टीस चंद्रोदयाची वाट पाहतांना आजोबांनीं नातवास सहज विचारावें, "पौर्णिमेस सूर्य मावळतांच उगवणारा चंद्र आज इतक्या उशिरां कां रे उगवतो ?" आणि उत्तर कसेंही येवो, तें पुरतें ऐकून घेतल्यावांचून स्वतः बोलूं नये.