साप हाती घ्यावा केव्हा?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी तोंडाला फडकं बांधलेली प्लास्टिकची बरणी घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, डुरक्या घोणस आहे. बिनविषारी. मी पाळणार आहे. रोज किती वेळ हातात घेतली म्हणजे माणसाळेल?" त्यानं मोबाइलवर कुण्या परदेशी मुलीची चित्रफीत पाहिली होती. तिच्या गळ्यात साप होता आणि ती खुशाल चहा पीत बसली होती.

मी पडलो मराठीचा मास्तर. सापातलं मला काय कळणार? मी गावातल्या सर्पमित्राला बोलावून घेतलं. त्यानं बरणी उजेडात धरली, आतल्या वीतभर पिल्लाच्या पाठीवरची साखळीसारखी नक्षी पाहिली आणि बरणी अगदी हळू खाली ठेवली. ती डुरक्या नव्हती, खरीखुरी घोणस होती. घोणशीचं पिल्लू जन्मतःच विषारी असतं. आणि आमच्या या चिरंजीवांनी आदल्याच संध्याकाळी ते तळहातावर घेऊन छायाचित्र काढून घेतलं होतं!

तेव्हापासून मी या विषयाचं थोडं वाचन केलं, जाणत्यांना विचारलं. त्यातून जे समजलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम त्या चित्रफितीतल्या सापाविषयी. अमेरिकेत आणि युरोपात हौसेनं साप पाळणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांच्या आवडीची एक जात म्हणजे बॉल पायथन. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहानसा अजगर. लांबी साधारण एक ते दीड मीटर. विष नाही. भ्याला की डोकं मध्ये घेऊन चेंडूसारखं वेटोळं करतो, म्हणून त्याचं नाव पडलं बॉल. नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो.

आता तुम्ही म्हणाल, ते लोक त्याला दिवसभर अंगाखांद्यावर खेळवत असतील. तसं मुळीच नाही. जाणत्या पाळणाऱ्यांचे नियम पाहा. नवा साप घरी आणला की पहिला आठवडाभर त्याला हात लावायचा नाही. त्यानं उंदीर गिळला की पुढचे दोन दिवस त्याला हलवायचं नाही. पोट भरलेलं असताना उचलला तर तो घाबरून भक्ष्य ओकून टाकतो आणि आजारी पडतो. कात टाकण्याच्या दिवसांत डोळे दुधाळ होतात, त्याला नीट दिसत नाही. तेव्हाही हात लावायचा नाही. म्हणजे पाहा, "केव्हा हाताळावा" या प्रश्नाचं निम्मं उत्तर "केव्हा हाताळू नये" यातच आलं.

उरलेल्या दिवसांत हाताळायचा तोही बेतानं. वरून झडप घालायची नाही. घार, ससाणा असाच वरून येतो, हे त्याच्या जातीला ठाऊक आहे. बाजूनं हात न्यायचा. डोकं चिमटीत धरायचं नाही, शेपटीला धरून लोंबकळवायचं नाही. सापाचा कणा शेकडो मणक्यांचा असतो, त्याला इजा होते. दोन्ही हातांनी अंगाला खालून आधार द्यायचा आणि तो जाईल तिकडे जाऊ द्यायचं. दहा-पंधरा मिनिटं झाली की परत ठेवायचा. आधी हात धुवायचे, कारण हाताला उंदराचा वास असला तर उबदार हात म्हणजे त्याला भक्ष्यच वाटतं. नंतरही धुवायचे, कारण सापाच्या अंगावर पोट बिघडवणारे साल्मोनेला जंतू असू शकतात.

इतकं सगळं करून साप माणसाळतो का? कुत्रं माणसाळतं तसा नाही. कुत्र्याला धन्याची माया लागते. सापाला फार तर एवढंच उमगतं की या हातापासून धोका नाही. त्याला हातात घेण्यात सुख असलंच तर ते आपलं असतं, त्याचं नव्हे.

आणि हौस फिटली म्हणजे काय होतं? फ्लोरिडात तेही दिसलं. तिथं लोकांनी ब्रह्मदेशी अजगर पाळले. हातभर पिल्लाचा बघता बघता चार-पाच मीटरचा अजगर झाला. काही निसटले, काही मालकांनीच सोडून दिले. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत त्यांची वीण वाढली आणि तिथले रॅकून, ऑपॉसमसारखे प्राणी फारच कमी झाले. अखेर २०१७ साली हे अजगर शोधायला तिथल्या वनाधिकाऱ्यांनी माणसं बोलावली, ती कुठली असतील? तमिळनाडूतली! मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल हे इरुला जमातीचे दोघे. पहिल्या दोन आठवड्यांतच त्यांनी डझनाहून अधिक अजगर हुडकून काढले. २०२३ साली दोघांनाही पद्मश्री मिळाली.

या इरुला लोकांकडून आपण शिकण्यासारखं आहे. पूर्वी ते कातड्यासाठी साप पकडत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो धंदा बंद पडला. मग १९७८ साली, रोम्युलस व्हिटेकर यांच्या साहाय्यानं, त्यांनी चेन्नईजवळ सहकारी संस्था काढली. सरकारी परवान्यानं ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं पकडतात. साप मातीच्या मडक्यात, अंधारात, निवांत ठेवतात. तीन-चार आठवड्यांत चार वेळा विष काढतात आणि सापाला रानात सोडून देतात. त्या विषापासून सर्पदंशावरचं औषध तयार होतं. पिढ्यान्‌पिढ्या सापात वावरलेली ही माणसं, पण सापाला हात लावतात तो कामापुरता. काम झालं की साप मडक्यात. गळ्यात घालून कुणाला दाखवत नाहीत.

आता आपल्या गावाकडे येऊ. कायद्यानं आपल्या देशातला साप पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे. धन सापडेल या भाबड्या समजुतीनं मांडूळ बाळगणारे म्हणूनच तुरुंगात जातात. त्या बिचाऱ्याला दोन तोंडं नसतात. शेपूट बोथट असते एवढंच. परदेशी सापांतही आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या जातींची सरकारकडे नोंद करावी लागते.

पण कायद्याहून मोठं कारण दुसरंच आहे. त्या परदेशी मुलीला आपल्या हातात कुठला साप आहे ते पक्कं ठाऊक होतं. आपल्या बांधावर डुरक्या आणि घोणस, कवड्या आणि मण्यार अशा फसव्या जोड्या आहेत. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं दगावली असा अंदाज आहे, त्यातली बहुतेक खेड्यांतली. इथं अर्धवट ओळखीवर हात पुढे करणं म्हणजे विषाची परीक्षा घेणंच.

म्हणून साप दिसला तर चार-पाच पावलं मागं सरा. मुलं आणि जनावरं दूर न्या. एकानं लांबून नजर ठेवावी, दुसऱ्यानं वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करावा. वाट मोकळी असेल तर बहुधा तोच निघून जातो. आणि दंश झालाच तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. माणसाला धीर द्या, चालवू नका, दंशाचा अवयव हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि थेट दवाखाना गाठा.

शिक्षकबंधू आणि भगिनींना एक विनंती. वर्गात सापाचा धडा निघाला की बरणीतला जिवंत साप आणायला मुलांना सांगू नका. चित्रं दाखवा, भिंतीवर तक्ता लावा. आणि जो मुलगा साप धरतो त्याला वर्गानं शूर म्हटलं, तर तिथंच त्याला थांबवा. साप ओळखून जो मागं सरतो, त्याचं कौतुक करा.

आमच्या त्या विद्यार्थ्यासमोरच सर्पमित्रानं वनखात्याला कळवलं आणि ते पिल्लू ओढ्याकाठी सोडून दिलं. झाकण काढताना त्यानं बरणीला हात लावला नाही; लांब काठीनं ती आडवी केली आणि मागं सरकला. विद्यार्थी बघत होता. परतताना बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, यांनी एकदासुद्धा हात लावला नाही."