ॲटलस: आकाश पेलणारा आणि नकाशांचे पुस्तक

ग्रीक पुराणातला ॲटलस हा टायटन. झ्यूसविरुद्धच्या युद्धात टायटन हरले आणि ॲटलसला आकाश खांद्यावर पेलण्याची शिक्षा झाली. चित्रांत तो पृथ्वी उचललेला दिसतो, पण मूळ कथेत त्याच्यावर भार आहे तो आकाशाचा.

हे नाव पुढे दूरवर पसरले. मोरोक्कोतील पर्वतरांग ॲटलस, अटलांटिक महासागर त्याच्याच नावाचा. मानेचा पहिला मणकाही ॲटलस, कारण तो कवटीचा भार वाहतो. होकारार्थी मान हलते ती कवटी आणि या मणक्यामधल्या सांध्यामुळे. १९५१ मध्ये सोनीपतला सुरू झालेल्या ॲटलस सायकली तर गावोगावी पोहोचल्या.

सर्वांत रुजला तो नकाशासंग्रह हा अर्थ. गेरार्ड मर्केटरच्या १५९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संग्रहाला हे नाव होते. गंमत अशी, की त्याच्या मनात टायटन नव्हता; मॉरिटेनियाचा खगोलज्ञ राजा ॲटलस होता.

घरात शाळेचा जुना ॲटलस असेल तर नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्याचा परिसर जरूर शोधावा. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला; त्याआधीच्या ॲटलसमध्ये हा भाग धुळे जिल्ह्यात दिसतो.