सागवनातील गाडवाटा आणि मोटारीचे चाक

हैदराबाद-नागपूर राष्ट्रीय महामार्गावर, निर्मल व आदिलाबाद यांच्या दरम्यान इचोडा हे गाव वसले आहे. या परिसरातील सागवनांतून जाणाऱ्या कित्येक वाटा पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्यांच्या चाकांनी पडलेल्या आहेत. पौष अमावास्येस केस्लापूर येथे भरणाऱ्या नागोबाच्या जत्रेस गोंड कुटुंबे अशाच वाटांनी गाड्या जुंपून येत असत. आज या वाटांवरून जीपगाड्या, ट्रॅक्टर व मोटारसायकलीही धावतात.

बैलगाडी संथ चालते व सहसा चाकोरी सोडत नाही. मोटारीचे तसे नाही. नाल्याकाठच्या रेताड जमिनीत तिचे चाक रुतले की चालक वेग वाढवितो. चाक जागीच फिरते व खड्डा अधिक खोल होतो. मागून येणारा तो खड्डा टाळून बाजूने गाडी काढतो. अशा रीतीने एकीच्या तीन वाटा होतात. पावसाळ्यात पाणी याच चरांतून वाहते, माती वाहून जाते आणि पुढे तेथे घळ पडते. सागाचे बी पावसाच्या आरंभी रुजते. चालकास जी मोकळी जागा भासते, तेथे गवतात कोवळी रोपे दडलेली असतात. ती चाकाखाली चिरडली जातात.

म्हणून रेताड जागी प्रथम उतरून वाट पाहावी. चाकांतील हवा थोडी कमी करून, खालच्या गिअरमध्ये, एकसारख्या संथ गतीने गाडी न्यावी. चाक रुतल्यास वेग न वाढविता पुढची वाळू उपसावी. पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरून घ्यावी. पाऊस पडून गेल्यावर वाट सुकेपर्यंत थांबणे इष्ट. फाल्गुन-चैत्रात पानगळीच्या थरावर गाडी उभी करू नये; तापलेल्या सायलेन्सरनेही वणवा लागू शकतो.

इचोड्याच्या आग्नेयेस कवाल अभयारण्य असून ते 2012 साली व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये अभयारण्यात प्रवेशासाठी परवाना लागतो. सार्वजनिक महामार्गावरून जाणाऱ्यांस, तसेच आत स्थावर मालमत्तेचा हक्क असणाऱ्यांस यातून सूट आहे.

आजारी माणसाला दवाखान्यात नेण्यास रानातील वस्त्यांना याच वाटांचा आधार असतो. वाट घळीत गेली, तर प्रथम अडतो तो तेथील ग्रामस्थच. ग्रामपंचायतींनी व शिक्षकांनी जत्रेपूर्वी ही गोष्ट सर्वांस समजावून सांगितल्यास वन व वाट दोन्ही टिकतील.