थंड पाण्यातली बुडी तंबूत संपते

मालवण-तारकर्लीला ज्यांनी स्कूबा केले आहे, त्यांच्या आठवणीत पाण्याचा गारठा नसतो. तिथले पाणी कोमट, प्रशिक्षक टाकी धरून सोबत असतो. दहा-पंधरा मिनिटे मासे पाहून माणूस वर येतो आणि तासाभरात सोलकढीचा पेला हातात असतो. समजा, हाच माणूस पुढे नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात गेला. तिथे त्याने रीतसर डायव्हिंगचे प्रमाणपत्र घेतले आणि मित्रांबरोबर बेत आखला. शनिवारी पहाटे सॅन होजेहून निघायचे, दीडेक तासात मॉन्टेरे गाठायचे, दोन बुड्या मारायच्या. मग दक्षिणेला बिग सरच्या जंगलात तंबू, रविवारी डोंगरावर ट्रेक आणि रात्री घरी. बेत झकास आहे. बुडीची तयारीही बहुतेक जण मन लावून करतात. बुडीनंतरच्या रात्रीचा विचार मात्र कोणी करत नाही.

मॉन्टेरेचा समुद्र उन्हाळ्यातही थंडच असतो. वसंतात वायव्येचे वारे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतात आणि त्या जागी खोलातले गार पाणी वर येते. तापमान साधारण १० ते १४ अंश सेल्सिअस. या गारव्यामुळेच तिथे केल्प नावाच्या अजस्र समुद्री शेवाळाची जंगले उभी आहेत आणि त्यांच्यासाठीच जगभरातून पाणबुडे येतात. पृष्ठभागावर पाठीवर तरंगणारे समुद्री ऊदमांजर इथले लाडके. त्याच्या अंगावर व्हेलसारखा चरबीचा थर नसतो. सर्व प्राण्यांत दाट अशी त्याची लव असते, तरी ऊब टिकवायला त्याला रोज स्वतःच्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा खावे लागते. साठ किलोच्या माणसाने दिवसाला पंधरा किलो जेवावे, तसा हा हिशेब! पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. माणसाकडे ना ती लव, ना ती भूक. त्याला भरवसा रबरी सूटचा.

त्या सूटचीही एक मेख आहे. सात मिलिमीटर जाडीचा वेटसूट किनाऱ्यावर सात मिलिमीटर असतो. निओप्रीनची ऊब त्यातल्या हवेच्या बारीक बुडबुड्यांत असते. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट. बुडबुडे दबतात आणि सूट पातळ होतो, म्हणजे जिथे थंडी जास्त तिथेच तो कमी पडतो. दोन-दोन बुड्या मारणाऱ्यांनी ड्रायसूटचा विचार करावा तो याचसाठी. पण तो वापरायला वेगळे प्रशिक्षण लागते, भाड्याने घेतला आणि चढवला असे चालत नाही.

पाण्यात शिरताच पहिली एक-दोन मिनिटे श्वास आपल्या ताब्यात नसतो. गार पाणी कातडीला लागताच जोरात आचका बसतो, श्वास धपापतो, नाडी आणि रक्तदाब वाढतात. सूट असला तरी चेहरा उघडाच असतो. तिथल्या थंडीची प्रतिक्रिया उलटी, ती हृदयाचे ठोके मंद करते. एकाच वेळी धावायचा आणि थांबायचा असे दोन्ही हुकूम मिळाल्यावर एखाद्याच्या हृदयाची लय चुकू शकते. म्हणून आधी चेहऱ्यावर पाणी मारावे, पृष्ठभागावर थांबून श्वास संथ होऊ द्यावा आणि मगच खाली जावे.

थंडीने हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, भोवतालच्या पाण्याचा दाब रक्त छातीकडे सारतो. शरीराला वाटते, पाणी जास्त झाले. मूत्रपिंडे ते बाहेर काढू लागतात. सूटमध्ये सारखी लघवीला लागते ती यामुळे. उच्च रक्तदाब असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या काहींच्या बाबतीत हे छातीत जमलेले रक्त फुफ्फुसांत पाझरते. पाण्याखाली दम लागणे, खोकला, वर आल्यावर गुलाबी फेस ही त्याची लक्षणे. नाकातोंडात पाणी गेले असेल, असे म्हणून ती सोडून दिली जातात. अशा वेळी बुडी तिथेच संपवून बाहेर यायचे, ऑक्सिजन द्यायचा आणि रुग्णालय गाठायचे. डायव्हिंगआधी भरायच्या आरोग्याच्या फॉर्मवर पंचेचाळिशीनंतरचा रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांबद्दल विचारलेले असते ते उगाच नाही. सगळीकडे 'नाही'वर खूण करून मोकळे होणारे पुष्कळ असतात. रक्तदाबाची गोळी खिशात ठेवून 'नाही' लिहिणारेही असतात.

आता नायट्रोजनकडे वळू. दाबाखाली श्वास घेताना हा वायू रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो, वर येताना हळूहळू बाहेर पडतो. घाईने वर आल्यास त्याचे बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकते. याला डिकम्प्रेशन सिकनेस म्हणतात. अमेरिकी नौदलाच्या २००७ सालच्या चाचण्यांतून दिसले की तळाशी उबदार असलेला आणि वर येताना गारठलेला पाणबुड्या अधिक धोक्यात असतो. उबेत रक्त भरपूर खेळते, नायट्रोजन भरपूर शोषला जातो. मग थंडीने रक्तवाहिन्या आकसल्या की तो आतच अडकून राहतो. आपल्या वीकेंडच्या दुसऱ्या बुडीत नेमके हेच घडते. सूर्यप्रकाशात ऊब घेऊन माणूस उतरतो आणि चाळीस मिनिटांनी कुडकुडत वर येतो. त्यात लघवीवाटे पाणी गेलेले, टाकीतली हवा कोरडी म्हणून श्वासावाटेही गेलेले. बाहेर येताच कढत पाण्याचा शॉवर घेण्याचा मोह आवरावा, कारण त्वचा एकदम तापली की तिथे बुडबुडे होण्याची शक्यता वाढते. कोरडे कपडे, टोपी, गरम सूप आणि भरपूर पाणी.

डिकम्प्रेशन सिकनेसची बहुतेक लक्षणे पहिल्या आठ तासांत आणि जवळजवळ सगळी चोवीस तासांत दिसतात. दुपारी दोनला वर आलेल्याचे हे आठ तास कुठे जातात? बिग सरमध्ये. तिथे मोबाइलची रेंज नावापुरती आणि जवळपास मोठे रुग्णालय नाही. शेकोटीभोवती बिअर उघडली जाते. दारूने शरीरातले पाणी आणखी घटते, कातडी तापल्यासारखी वाटते पण आतली उष्णता निघून जाते. शिवाय खांदा का दुखतो, पायाला मुंग्या का येतात, याचे खापर दमणुकीवर किंवा बिअरवर फोडायला निमित्त मिळते. कोरड्या दिवसांत शेकोटीला बंदी असली की कोणीतरी कोळशाची शेगडी तंबूत घेतो. त्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे, म्हणजे पुन्हा 'आज फार दमलो' असेच वाटणार. जळती शेगडी तंबूत नेऊ नये, दार किलकिले ठेवले तरीही नाही.

रविवारच्या ट्रेकचेही तसेच. एका बुडीनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, हा नियम पाणबुड्यांना पाठ असतो. पण तो सुमारे ६०० मीटरपासूनच्या उंचीचा विचार करून केलेला आहे. सांता लुसिया डोंगररांग किनाऱ्यालगत उभी आहे आणि कितीतरी पायवाटा सकाळच्या प्रहरात ही उंची ओलांडतात.

बेत मोडायची गरज नाही, क्रम उलटा करावा. बिग सर आणि डोंगर आधी. रात्रीची झोप नीट व्हावी म्हणून अंगाखाली जाड मॅट घ्यावी, जमीन अंगातली ऊब खेचून घेते. बुड्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि त्यातली खोल बुडी पहिली. रात्र काढायचीच असेल तर मॉन्टेरे शहरातच व्हेटरन्स मेमोरियल पार्कमध्ये तंबू ठोकता येतो. तिथून रुग्णालय काही मिनिटांवर आहे.

लक्षण दिसताच शुद्ध ऑक्सिजन हा पहिला उपचार. तो किनाऱ्यावर आहे का, कोणाकडे आहे, हे पाण्यात उतरण्याआधी विचारावे. आपत्कालीन क्रमांकाबरोबर डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या १९८० पासून काम करणाऱ्या संस्थेचा दूरध्वनी क्रमांक लिहून जवळ ठेवावा. सोबत न बुडणारा एखादा मित्र असेल तर त्याच्याकडे वही-पेन द्यावे. प्रत्येकजण किती मीटर खाली गेला, किती वेळ राहिला, किती वाजता वर आला. तातडीच्या विभागातला डॉक्टर हे तीन प्रश्न सर्वांत आधी विचारतो, आणि त्या वेळी ज्याला विचारायचे, तो उत्तर देण्याच्या अवस्थेत असेलच असे नाही.