बंद पाकिटातला आवाज

माझा थोरला भाऊ २०१९ साली दुबईला नोकरीस गेला. व्हॉट्सॲपवर त्याचे निरोप येत, फोटो येत. पण बोलायचे म्हटले की फोन काही लागत नसे. आईने माझ्या जुन्या फोनला दोष दिला. पुढे कळले की, इंटरनेटवरून बोलायला तिथे ठराविक ॲपनाच परवानगी आहे. मी पडलो कलाशाखेचा. मला प्रश्न पडला तो असा : निरोप काय नि बोलणे काय, दोन्ही जर कुलूपबंद होऊन जातात, तर वाटेत ओळखतो कोण आणि कशावरून?

उत्तर शोधता शोधता मी बराच गुंतलो. आपण बोलतो तेव्हा आवाजाचे बहुधा २० मिलिसेकंदांचे तुकडे पडतात. म्हणजे सेकंदाला ५० पाकिटे, लहान, एका तालात, आणि दोन्ही दिशांनी. चित्रपट पाहताना याउलट मोठमोठी पाकिटे झुंडीने येतात, तीही बहुतेक एकाच बाजूने. कुलूप आतला मजकूर लपवते. पाकिटाचा आकार, वेळ नि पत्ता लपवत नाही. स्काइपचे बोलणे असे बाहेरूनच ओळखता येते, हे तुरीनच्या संशोधकांनी २००७ साली दाखवले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील मंडळींनी तर कमाल केली. काही पद्धतींत उच्चाराप्रमाणे पाकिटाची लांबी बदलते; तेवढ्यावरून त्यांनी बोलण्यातली ठराविक वाक्येही हेरली! वाचून अंगावर काटा आला.

पण ही ओळख पटवण्यामागे चांगला हेतूही असतो. फोटो दोन सेकंद उशिरा आला तर काही बिघडत नाही. उशिरा आलेला आवाजाचा तुकडा मात्र फेकूनच द्यावा लागतो. एका बाजूचा विलंब शक्यतो १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. म्हणून आवाजाच्या पाकिटावर ४६ हा अंक घालून त्याला वेगळ्या रांगेतून आधी सोडतात. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर मालगाडी बाजूला घेऊन एक्स्प्रेसला वाट देतात, तसे. मात्र हा अंक कोणीही घालू शकतो. मग कंपनी त्यावर विसंबत नाही, पाकिटांची चाल स्वतः तपासते.

आणि ज्याला ओळखता येते, त्याला अडवताही येते. अमेरिकेत मॅडिसन रिव्हर या टेलिफोन कंपनीने इंटरनेटवरचे बोलणेच रोखले. २००५ साली तिला १५,००० डॉलर भरावे लागले. आपल्याकडे डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने अशा बोलण्याला वेगळा दर जाहीर केला, आणि ओरड होताच मागे घेतला. २०१६ साली ट्रायने मजकुरानुसार वेगळे दर लावण्यास बंदी केली.

दादाने आपल्यापुरती वाट काढली. तो आवाज मुद्रित करून पाठवू लागला. तो निरोपासारखाच जातो, त्याला ताल नसतो, म्हणून कोणी अडवत नाही. आई तो दोनदा ऐकते, आणि दादा मध्ये जिथे थांबतो तिथे उत्तर देते.