आजीचा ब्रोच आणि सराफाचा काटा

काही दिवसांपूर्वी आजीचा सोन्या-मोत्यांचा ब्रोच घेऊन मी लक्ष्मी रस्त्यावरच्या एका पेढीत गेले होते. सराफांनी तो उलटसुलट करून काट्यावर ठेवला आणि म्हणाले, "ताई, मोत्यांचं काही येणार नाही. सोनंही कसाला कमी आहे. आटवून जे निघेल त्याचे पैसे देतो." मी ब्रोच उचलून घरी आले.

त्यांचं म्हणणं व्यापाराच्या दृष्टीने खोटं नव्हतं. आपली नथ, तन्मणी, चिंचपेटी घ्या. त्यांतला मोती भोक पाडून तारेत किंवा रेशमात ओवलेला असतो. दागिना मोडला तरी तो दुसरीकडे चालतो. विलायती ब्रोचमध्ये मात्र बहुधा अर्धा कापलेला मोती असतो. सपाट बाजू खाली ठेवून तो सोन्याच्या खळग्यात बसवतात आणि कडेचे बारीक सोन्याचे कण त्यावर दाबतात. एकदा उचकटला की तो ना नथीच्या कामाचा, ना सरीच्या!

ब्रोच म्हणजे मुळात कपडा अडकवायची टाचणी. रोमन लोक अंगावरची वस्त्रं खांद्याशी अशीच अडकवत. नऊवारीला तिची गरज नव्हती, कासोटा आणि खोचलेला पदर पुरेसा होता. गोल साडी आली आणि खांद्यावरचा पदर घसरू लागला. सत्येंद्रनाथ टागोरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६०च्या दशकात मुंबईला राहिल्या, तिथल्या पारशी स्त्रियांची साडीची तऱ्हा त्यांनी उचलली आणि बंगालमध्ये नेली. खांद्याशी ब्रोच लावलेली ती साडी तिकडे सुशिक्षित घरांची खूण झाली. आमच्या आजीच्या लग्नानंतरच्या फोटोतही ब्रोच खांद्यावरच आहे.

तिकडे इंग्लंडात १८६१मध्ये प्रिन्स अल्बर्ट वारले आणि व्हिक्टोरिया राणीने जन्मभर काळे कपडे घातले. शोकाच्या दागिन्यांची रीतच पडली. त्यांत मोती म्हणजे अश्रू. आपल्याकडे तेच मोती सौभाग्याच्या नथीत! असो.

ब्रोचचं वय समोरून कळत नाही, तो पालथा करावा. आमच्या ब्रोचवर १५चा शिक्का आहे. इंग्लंडात पंधरा कॅरटचा दर्जा १८५४ ते १९३२ एवढाच चालला. म्हणजे सोनं साडेबासष्ट टक्के. बावीस कॅरटला सरावलेल्या आपल्या सराफांना ते कमी वाटणारच. पिनेची आकडी साधी, उघडी आहे, तिला बंद करायची कळ नाही. ही जुनी पद्धत. मोतीही बहुधा समुद्रातून काढलेले असावेत, कारण जपानच्या मिकिमोटोंना शिंपल्यात मोती वाढवण्यात पहिलं यश १८९३मध्ये आलं आणि ते मोती बाजारात भरपूर झाले ते १९२०नंतर. खात्री हवी तर एक्स-रेच काढावा लागतो. दातावर घासून नैसर्गिक आणि संवर्धित मोत्यातला फरक कळत नाही, खोटा मोती तेवढा कळतो.

असा ब्रोच घरात असेल तर लिंबू, व्हिनेगर लावू नका, आम्लाने मोती विरघळतो. रिठ्याच्या पाण्यातही बुडवू नका. पाणी अर्ध्या मोत्याखाली शिरून तो काळवंडतो. ओलसर मऊ फडकं पुरे. जुनी पिन जाड असते, पैठणीला सरळ भोक पाडते. भाचीच्या साखरपुड्याला मी पदराच्या आतून खणाचा तुकडा धरला आणि मगच ती टोचली.