पायथॉन टाकलं, पण चालेना!

"मामा, पायथॉन टाकलं, पण चालत नाही." आदिलाबादहून असा फोन आला की माझा पहिला प्रश्न, "कुठून टाकलंस?" कुणी पायथॉनच्या संकेतस्थळावरून घेतलेलं असतं, कुणी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून, कुणी व्हिडिओ बघून ॲनाकोंडा. एकाच्या लॅपटॉपवर तर तिन्ही होते! तिन्ही चांगलेच, पण एकत्र आले की आपली लायब्ररी नेमकी कोणत्या पायथॉनमध्ये गेली, हे नव्या मुलाला कळत नाही.

आपल्या बेला, जैनथकडच्या मुलांची आणखी एक अडचण. शाळा मराठी, बाजारात तेलुगू, कॉलेज इंग्रजी. पडद्यावर लाल इंग्रजी अक्षरं आली की "आपल्याला नाही जमत" म्हणून लॅपटॉप मिटतो. प्रोग्रामची एक ओळही लिहिलेली नसते. म्हणून घरच्या मुलांसाठी मी दोन पानांचं मराठी टिपण केलं.

त्यात रस्ता एकच ठेवला: अधिकृत संकेतस्थळावरचा स्वतंत्र इन्स्टॉलर. साधारण २५-३० एमबीची एक फाइल, पेनड्राइव्हवर घेतली की पाच घरांत नेटशिवाय बसते. तिथेच आता नवा 'इन्स्टॉल मॅनेजर'ही आहे, पण तो हवी ती आवृत्ती नेटवरून ओढतो. हैदराबादच्या ऑफिसात मी तोच घेईन, गावाकडे नाही.

इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर तळाशी 'ॲड पायथॉन टू पाथ' असा रिकामा चौकोन असतो. त्यावर टिक करायचीच. पाथ म्हणजे विंडोज ज्या फोल्डरांत प्रोग्राम शोधतं, त्यांची यादी. यादीत नाव नसेल तर पायथॉन घरात असूनही सापडत नाही. वर २०१९ पासून विंडोज १० मध्ये अशा वेळी 'पायथॉन' टाइप केलं की स्टोअरच उघडतं. पोरं तिथून दुसरं घेतात आणि घोळ वाढतो.

जुन्या विंडोज ७ च्या कॉम्प्युटरवर ३.८ च्या पुढचं पायथॉन बसत नाही, उगाच डेटा घालवू नका. उबुंटूवर ते आधीपासूनच असतं आणि सिस्टिमची कामंही त्यावर चालतात, म्हणून त्याला हात लावायचा नाही. तिथे लायब्ररी थेट टाकायला गेलं तर २०२३ पासून उबुंटू स्वतःच अडवतं. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं 'व्हेन्व्ह' करायचं, म्हणजे त्याच्या लायब्ररींसाठी वेगळी खोली.

टिपण भाच्याच्या हातात दिलं आणि मी शेजारी गप्प बसलो. (मामाला हे फार अवघड जातं.) तो "टर्मिनल उघडा" इथेच थांबला. आता तिथे "विंडोजचं बटन दाब, सीएमडी लिही, एंटर मार" असं आहे. बटनांची नावं मात्र इंग्रजीच ठेवली, पडद्यावर दिसतात तशी.

पानाच्या वर तारीख आणि आवृत्ती लिहिली आहे. कारण विंडोजचा हा इन्स्टॉलर ३.१६ पासून निघणार नाही, असं पायथॉनवाल्यांनी जाहीर केलंय. तेव्हा पहिलं पान पुन्हा लिहावं लागेल, आणि पेनड्राइव्हचं काय करायचं तेही बघावं लागेल.